सातवं चित्र

वहिनींचा फोन आला तेव्हा धाकटा दाढी करत होता. साठी उलटली, डोक्यावर मोजून चार केस उरले, तरी घरात आणि धंद्यात त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला म्हणजे दादा. तो गेल्या हिवाळ्यात गेला.

"भावजी, मागच्या खोलीतलं ते गाडीच्या खेळाचं मशीन सोमवारी न्यायला येतायत," वहिनी म्हणाल्या. "तंत्रशाळेवाले. त्यांच्या गळ्यात नुसता खोका काय मारायचा? एकदा चालू करून द्या. जेवायलाच या."

पोटभर जेवून दुपारी दोनच्या सुमाराला तो हत्यारांची पेटी घेऊन मागच्या खोलीत शिरला. पडद्यावर तिरीप येऊ नये म्हणून त्याने खिडक्या लावून घेतल्या आणि बारकासा दिवा लावला. खोलीला जुन्या कागदाचा आणि रंगीत पेन्सिलींचा वास होता. शेवटपर्यंत दादा इथेच बसायचा. दाराजवळ त्याचं चित्रं काढायचं टेबल होतं आणि समोरच्या भिंतीला टेकून मशीन. उंच खोका, त्यात काचेचा पडदा, खाली स्टिअरिंग आणि पेडल. त्याच्या सीटवर बसलं की टेबल आणि दार दोन्ही पाठीमागे यायचं.

हा खेळ दोघा भावांनीच केलेला. तरुणपणी, चार माणसांच्या कारखान्यात. रस्ता समोरून धावत येतो, दोन्ही बाजूंना झाडं. लांबचं झाड ठिपक्याएवढं, जवळ येईल तसं मोठं. आता हे मोठं होणं पडद्यावर आणायचं कसं? दादाची रीत सरळ होती. एकच झाड सात वेळा काढायचं, ठिपक्यापासून पडदाभर, चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून. सातवं चित्र म्हणजे गाडीला घासून जाणारं झाड. ते दिसायचं डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण दादा त्यालाच चार-चार दिवस घ्यायचा. सालीवरच्या भेगा काढायचा. एकदा तर मुंगळाही काढला होता.

"अरे, कोण बघतंय?" धाकटा वैतागायचा.

"कुणी नाही बघत. म्हणून काय अर्धवट सोडायचं?" दादा म्हणायचा, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागायचा.

मग धाकट्याने एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवला. एक चित्र द्या, बोर्ड त्याला हवं तितकं ताणणार, हवं तितकं आवळणार. झाडं सरसर वाढत अशी अंगावर यायची की खेळणारा सीटवर मागे सरकायचा. अगदी जवळ आली की त्यांचे नुसते चौकोन दिसायचे, हे खरं. पण तोवर ती मागे पडलेली असायची. बोर्ड चालला त्या दिवशी धाकट्याच्या डोक्यात हवा गेली. चारचौघांत त्याने दादाच्या चित्रांचा गठ्ठा उचलला आणि केराच्या टोपलीत टाकला.

"आता एक चित्र पुरे. बाकीची सहा रद्दी!"

दादा टोपलीपाशी वाकला. टोपलीतले कागद त्याने वेचले, हाताने सरळ केले, काखोटीला मारले आणि घरी गेला. कारखान्याची पायरी तो पुन्हा चढला नाही. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा शेवटचं मशीन तेवढं त्याच्या घरी आलं.

भाऊच ते, तुटले काही नाहीत. भेटायचे, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, हसायचे. पण 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द म्हणायला धाकट्याला तीस वर्षं जमलं नाही. दवाखान्यात मनाचा हिय्या करून गेला, तर दादाला शुद्ध नव्हती. तेव्हापासून ते शब्द त्याला रात्रंदिवस छळत होते.

त्याने मशीन भिंतीपासून जरा पुढे ओढलं आणि मागचं झाकण काढलं. बोर्ड धड होता. चित्रं साठवलेल्या चार चिपांचे पाय तेवढे काळे पडले होते. जुन्या कारागिराचा त्यावर उपाय ठरलेला. त्याने चारही चिपा उपसून वर्तमानपत्रावर मांडल्या आणि खोडरबर घेऊन एकेक पाय घासायला बसला.

"भावजी, चहा टाकू का?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"टाका की!"

चहाच्या नावाने माणूस हुशारतो आणि घाई करतो. त्याने झाकण बसवलं, सीटवर येऊन बसला आणि बटण दाबलं. चारही चिपा राहिल्या वर्तमानपत्रावर.

पडदा हळूहळू उजळला. रस्ता आला, आभाळ आलं. ती वेगळ्या चिपेतून यायची. पण रस्त्याच्या कडेला एक झाड नाही, पाटी नाही, काही नाही. धाकट्याने वर्तमानपत्राकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"म्हातारचळ लागला रे तुला," तो स्वतःला म्हणाला आणि बटणाकडे वाकला. वाकता वाकता थांबला.

दूर, रस्ता संपतो तिथे, कडेला एक ठिपका होता.

चिपा बाहेर होत्या. बोर्डाकडे ताणायला एकही चित्र नव्हतं. मग हे कुठून आलं? धाकट्याने पेडलला पायही लावला नव्हता, गाडी जागच्या जागी उभी होती. आणि गाडी उभी असली की काहीच मोठं होत नाही. हे गणित त्याचं स्वतःचं होतं.

ठिपका मोठा झाला.

सरसर नाही. एकदम. आधी ठिपका होता, मग बोटभर आकृती झाली. थोडा वेळ तशीच राहिली. मग आणखी एक टप्पा, चक्क माणूस. बाहेर स्वयंपाकघरात भांडं वाजलं आणि थांबलं. खोलीत मशीनची घरघर तेवढी उरली.

चौथ्या टप्प्याला डावा खांदा कळला, जरा उतरलेला. दादाचा असायचा तसा. पाचव्याला स्वेटर दिसला, आणि त्याच्या कोपराला लावलेलं भलत्याच रंगाच्या लोकरीचं ठिगळ. ते वहिनींनी लावलं होतं. त्यावरून धाकट्याने दादाची यथेच्छ टिंगल केली होती.

"माझा बोर्ड असं करत नाही…" तो पुटपुटला. "त्याला येतच नाही हे…"

चौकोन नव्हते. माणूस जवळ येत होता तसा उलट बारीक, रेखीव होत होता. वर कोपऱ्यात खेळाचे सेकंद उतरत होते. अकरा. दहा.

सहावं चित्र आलं. स्वेटरचा टाका न् टाका दिसत होता. उजव्या हाताच्या बोटांवर पेन्सिलीची काजळी होती. आणि चेहऱ्याच्या जागी कातडीच्या रंगाचा सपाट डाग, त्यात ना डोळे ना तोंड. धाकट्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्याला आठवलं की दादा माणूस काढायचा तेव्हा चेहरा कायम शेवटी काढायचा, आणि त्याला एकदम रडू फुटलं.

"दादा… चुकलं माझं," तो म्हणाला. "रद्दी नव्हती रे ती. एकही नव्हती. तू काढ… तुला हवे तेवढे दिवस घे. मी बघतो."

तीन. दोन. सहावं चित्र हललं नाही. एक. पडदा काळा झाला.

सातवं आलंच नाही.

भीती गेली होती असं नाही, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. त्याने बाहीने डोळे पुसले. पुन्हा बटण दाबायला हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला.

पाठीमागे, टेबलाच्या बाजूला, कागदावर पेन्सिल घासत होती. एक चौकट भरली की थांबत होती. मग पुढची. घाई अजिबात नव्हती. नुकत्याच तासलेल्या लाकडाचा वास आला.

दार उघडलं. पडद्याच्या काळ्या काचेत त्याला फक्त उजेडाची पट्टी दिसली. वहिनी चहा घेऊन आल्या असणार. पण त्या पुढे आल्या नाहीत, आणि ओरडल्याही नाहीत. बराच वेळ उंबऱ्यातच थांबल्या.

"भावजी…" शेवटी त्या अगदी हळू म्हणाल्या, कुणी कामात असलं की बोलतात तशा. "वळू नका इतक्यात… चेहरा व्हायचाय अजून."