टिल्लीच्या खोलीतला टॅब

विश्वास ठेवा असा आग्रह मी करणार नाही. माझ्या नवऱ्यानेही अजून पुरता ठेवलेला नाही. पण हे माझ्या घरात, माझ्या लेकीच्या बाबतीत घडलंय, आणि यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या महिन्यातला गुरुवार. कलती दुपार. चार वाजून दहा मिनिटं.

वेळ इतकी नेमकी आठवते, कारण माझं कामच तसं आहे. डॉक्टर पेशंट तपासून झाले की निदान बोलून रेकॉर्ड करतात, आणि मी घरी बसून ते टाइप करते. शब्द नीट ऐकू आला नाही की तिथे वेळ टाकायची. दिवसभर खोकले, खाकरणं, पंख्याची घरघर यांतून शब्द वेचायचे. त्यामुळे माझा माझ्या कानांवर फार भरवसा.

होता.

आमची टिल्ली पाच महिन्यांची. दिवस भरायच्या आधीच, एवढीशी आली, म्हणून हे नाव. दुपारी ती आतल्या खोलीत झोपते. दार उघडं ठेवलं की माझ्या कीबोर्डच्या आवाजाने जागी होते. बंद केलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

म्हणून नवऱ्याने नवाकोरा टॅब आणला. टॅब तिच्या पलंगाशेजारच्या कपाटावर. त्यावरून माझ्या फोनला कॉल लावून ठेवायचा, आणि फोनचा इअरफोन माझ्या डाव्या कानात. उजव्या कानात डॉक्टर, डाव्या कानात लेक.

"एखादा कान नवऱ्यासाठी ठेव," तो म्हणाला. "मी बोलतो ते कुठे जायचं?"

"आत्ता कुठे जातं?"

पहिल्याच दुपारी तिचा श्वास ऐकू आला. संथ, एकसारखा. तिच्या जन्मानंतर पहिल्यांदा मी सलग दोन तास काम केलं.

तिसऱ्या दिवशी श्वासाच्या मागे काहीतरी वाजलं…

टक.

काचेवर नख आपटावं तसं. थोड्या वेळाने पुन्हा… टक. टक.

मी आत जाऊन पाहिलं. टिल्ली गाढ झोपलेली. टॅबची स्क्रीन मात्र उजळलेली, आणि त्याची पाठ इतकी गरम की हात मागे घ्यावा लागला. चार्जिंगला लावलेला नव्हता.

सवयीने मी वहीत वेळ टाकली. मग रोजच टाकायला लागले. दोन एकोणीस. तीन सव्वीस. तीन एकेचाळीस.

संध्याकाळी नवरा टॅब घेऊन बसायचा. बंद करून चालू केला. कव्हर काढलं. आवाज कमी-जास्त करून पाहिला. सगळं पुसून नव्याने सेट केला. शेवटी मांडीवर घेऊन अर्धा तास त्याच्याकडे बघत बसला. टॅब गप्प.

"तुझ्यापुढेच नाटकं करतो," तो म्हणाला. "हुशार आहे. घरात कोणाचं चालतं ते दोन दिवसांत ओळखलं त्याने."

मीही हसले. बिघाड आहे, वॉरंटी आहे, दुकानात नेऊ, असं ठरलं. रविवारी.

त्याआधी तो गुरुवार आला.

त्या दुपारी टकटक नव्हती. कानात फक्त श्वास. इतका शांत की मीसुद्धा पेंगुळले होते. फोनची बॅटरी संपत आली म्हणून चार्जर आणायला उठले. चार्जर आतल्या खोलीत होता.

एवढ्यासाठीच मी ते दार उघडलं. काही ऐकू आलं म्हणून नाही.

टिल्ली पालथी झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा. तोंड गादीत रुतलेलं. पाय हलत नव्हते.

मी उचलली तेव्हा तिचे ओठ निळसर होते. कशी उचलली, पाठीवर किती थापट्या मारल्या, मला सांगता येणार नाही. एक उचकी आली, आणि मग ती रडली. सगळी इमारत गोळा होईल अशी रडली. मी तिला छातीशी धरून खाली बसले. घड्याळात चार दहा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं…

डाव्या कानात श्वास चालूच होता.

संथ. एकसारखा.

टॅब दोन हातांवर होता. टिल्ली माझ्या कुशीत किंचाळत होती. कॉलमध्ये आवाज जरा उशिरा पोहोचतो, मला माहीत होतं. मी वाट पाहिली. तिचं रडणं डाव्या कानात येण्याची वाट पाहिली.

ते आलंच नाही.

डॉक्टरांनी टिल्लीला तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं. नवरा घरी येताना रडत होता, हे तो कबूल करत नाही. टॅबबद्दल मात्र म्हणाला, "अडकला असेल गं. तेच तेच वाजवत असेल."

दुसऱ्या दिवशी मी टिल्लीला घेऊन दुकानात गेले. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला. दहा मिनिटांत त्याने टॅब उघडला आणि स्वतःशीच हसला.

"ताई, हा बघा माइक. आणि ही त्याला जोडणारी तारांची पट्टी. बसवलेलीच नाहीये. टोकाला कारखान्यातलं प्लास्टिकसुद्धा तसंच आहे." त्याने चिमट्याने दाखवलं. "जन्मापासून बहिरा आहे हा."

"पण मी अकरा दिवस ऐकतेय."

"काय ऐकताय?"

मी सांगितलं. अकरा दिवसांत टिल्ली रडलीही होती, पण ते भिंतीपलीकडून सरळ ऐकू यायचं. कानात आलं की नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"तुमचाच श्वास असणार," तो म्हणाला. "फोनचा माइक ओढतो कधीकधी. थांबा, दाखवतो."

उघडा टॅब टेबलावर, पट्टी सुटलेली. त्याने माझ्या फोनला कॉल लावला, फोन दोघांच्या मध्ये ठेवून स्पीकर चालू केला.

आला… श्वास.

"बघा. आता श्वास रोखा." त्याने स्वतःही तोंड मिटलं. फोनचा माइक अंगठ्याने दाबून धरला. टिल्ली माझ्या खांद्यावर टक्क जागी, मूठ चोखत होती.

आम्ही दोघं श्वास रोखून एकमेकांकडे बघत बसलो.

फोनमधला श्वास थांबला नाही.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मी मात्र घड्याळाकडे पाहत होते. मला मोजायचं होतं. रोज मी डॉक्टरांचे आकडे टाइप करते, श्वास मिनिटाला इतके, आणि अकरा दिवसांत एकदाही मला मोजायचं सुचलं नव्हतं.

एका मिनिटात सोळा.

टिल्लीच्या वयाचं मूल गाढ झोपेतसुद्धा तीसच्या आसपास श्वास घेतं. सोळा मोठ्या माणसाचे.

माझ्या लेकीचा म्हणून मी कोणाचा तरी श्वास ऐकत होते. आणि तो ऐकून मला झोप येत होती.

त्याने कॉल कापला. टॅब परत जोडला, आणि आतून सीलबंद दुसरा आणून माझ्यापुढे ठेवला.

"नको," मी म्हणाले. "दादा, याचं काय करणार?"

"वर कंपनीकडे पाठवायचा. ते पट्टी बसवतात, तपासतात, पुन्हा पॅक करतात."

"आणि?"

"आणि जातो कोणाच्या तरी घरी."

"त्यांना कळवा ना. जे ऐकलंत ते लिहा फॉर्मवर."

त्याने पेन उचललं. लिहिलं, 'माइक चालत नाही.' आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला. "तुम्हीच सांगा ताई, दुसरं काय लिहू?"

मी सही केली.

या गोष्टीला महिना झाला. मी आता टेबल आतल्या खोलीत घेतलंय. उजव्या हाताने टाइप करते, डावा टिल्लीच्या पोटावर. काम निम्म्यावर आलंय. नवरा म्हणतो, हळूहळू सवय मोडेल. मी मोडू देणार नाहीये.

पण झोप उडवते ती ती सही. आता त्या टॅबचा माइक जोडलेला असेल. म्हणजे त्यातून मुलाचं रडणंही ऐकू येईल, खेळणंही, आणि कोणाला शंका यायचं काही कारणच उरणार नाही. मूल गप्प झालं की मागे उरेल तो शांत श्वास. ऐकणाऱ्या आईला वाटेल, झोपलंय बाळ.

म्हणून हे लिहिलं. तुमचं मूल बंद दाराआड असेल आणि तुम्ही त्याला कशावर तरी ऐकत असाल, तर घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा.

नाहीतर मोजूही नका. उठा आणि दार उघडून बघा.