पाचर मारलेली कॅसेट

"स्टोव्हमध्ये लाकूड घाल, मग सांगतो," एनारकाका म्हणाले. गोठलेल्या तळ्यावरच्या खोपटात आम्ही तिघं पुतणे बर्फात पाडलेल्या भोकातून गळ सोडून बसलो होतो.

"व्हर्न टॉलफसन माझ्याबरोबर धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याचा थोरला भाऊ ऑर्विल मरताना म्हणाला होता, माझी पिकअप माझ्या पोरीला, जोलीनला द्या. व्हर्नने दिली नाही. 'पोरगी शिकतेय अजून, गाडी उभी राहून गंजेल,' म्हणायचा. आणि स्वतः फिरवायचा.

मागच्या वर्षी, सतरा नोव्हेंबर. रात्री सव्वादहाला तो बायकोला आणायला निघाला. तिची दवाखान्यातली ड्युटी अकराला सुटायची. गाडीत जुना टेप, फक्त कॅसेट घेणारा. म्हणून व्हर्नने ती वायरवाली कॅसेट आणली होती. तिच्यात फीत नसते. नुसतं टरफल. वायर खिशातल्या प्लेअरला जोडली, की त्यातली गाणी गाडीच्या स्पीकरवर."

"काका, आता फोनवरच सगळं..."

"फोन खाली ठेव आणि ऐक. गाव सुटलं तशी टेपने कॅसेट बाहेर टाकली. त्याने आत ढकलली. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा तर बोटावरच आपटली. 'ऑर्विल, मेलास तरी जळतोस होय रे,' व्हर्न हसून म्हणाला. मग आपण सगळे करतो तेच त्याने केलं. पुठ्ठ्याची घडी घातली आणि फटीत पाचर मारली. घट्ट.

गाणी लागली. झकास लागली.

पुढे रेल्वेचे रूळ. तिथे फाटक नाही, भोंगा ऐकून जायचं. त्याने आवाज कमी केला. आवाज वाढला. बटण उलटं फिरवलं. आणखी वाढला. वायर उपटली. गाणं चालूच. प्लेअर हातात घेतला...

बंद होता.

रुळांवर गाडीचं इंजिन मेलं. गाणंही थांबलं. नुसती खरखर. मग ऑर्विल बोलला, कानाशी तोंड आणल्यासारखा. 'पोरीची गाडी. नाहीतर कुणाचीच नाही.'

व्हर्नने पाचर ओढली. निघेना. नखं तुटली. दरवाजा ढकलला. उघडेना. खरखर इतकी, की बाहेरचं काही ऐकू येईना. डावीकडच्या काचेत फक्त उजेड. वाढत चाललेला.

'देतो तिला,' व्हर्न म्हणाला. 'ऑर्विल... देतो.'



उजव्या दाराच्या लॉकची खुंटी तेवढी वर आली. आपोआप.

तो चरात जाऊन पडला. गाडी आगगाडीने नेली."

आमच्यातलं कुणी गळाकडे बघत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी रुळाकाठी मला हे सापडलं," म्हणत त्यांनी कोटाच्या खिशातून एक कॅसेट काढली. वायर तुटलेली. एका कडेला पुठ्ठ्याची घडी अजून चिकटलेली.

"व्हर्न हात लावत नाही हिला."

त्यांनी ती स्टोव्हच्या उजेडात धरली. एक कोपरा फुटला होता. आत काठोकाठ गुंडाळलेली तपकिरी फीत होती.