घनश्यामजी भांडले नाहीत

कापसात कोपरापर्यंत हात खुपसून उभा असलेला माणूस मला आधी हमालच वाटला, बाई! आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर, कापसाची प्रत ठरवणारी ग्रेडर म्हणून माझा तो पहिला दिवस. त्या साली बोंडअळीनं निम्मी कपाशी खाल्ली होती. उरलीसुरली घेऊन गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या होत्या. मी ओलावा मोजायच्या यंत्राची सळई कापसात टोचली आणि ऐटीत म्हणाले, "नऊ टक्के. घ्या."

तो माणूस माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "चौदा."

बाराच्या वर गेलं की गाडी परत. मी भडकलेच. "तुम्ही कोण हो, चौदा म्हणणारे?"

"मीबी ग्रेडर. घनश्याम. कळंबचा." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चला मॅडम, चहा घेऊ."

टपरीवर गेल्यावर कळलं. दोन ग्रेडरांनी शेतकऱ्यासमोर दोन आकडे बोलायचे नाहीत. पटलं नाही की चहा. आणि घनश्यामजींचा एक नियम होता... आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, मग आपलं.

"सांगा, मी काय म्हणून राह्यलो?"

"तुमचं म्हणणं... वरचा कापूस उन्हानं वाळला, पोटातला ओला आहे."

"बराबर. अन् तुमचं म्हणणं, यंत्र खोटं बोलत नाही. नाही बोलत जी! पण त्याले पोटात तर जाऊ द्या."

सळई पोटात घातली. चौदा! असा राग आला म्हणून सांगू... आणि त्या रागातही मी त्यांच्या मनगटाला चिकटलेला कापूस बघत होते.

मग रोजच भांडण. दोन अंगठ्यांत धागा ओढून बघायचा, ते आखूड म्हणायचे, मी लांब. कधी ते जिंकायचे, कधी मी. हरले की खुशाल हसायचे.

"तुमचं म्हणणं असं," एकदा ते म्हणाले, "का घनश्याम दिसाले बरा आहे, पण हट्टी आहे."

"पहिलं मी म्हटलंच नाही!"

"मनात म्हणून राह्यल्या होत्या."

मी लाजून ग्लासात बघत बसले. खरं सांगते, पुढं पुढं तर पटलं तरी मी नाही म्हणायचे. चहा हवा होता ना!

जानेवारीत यवतमाळहून मोठे साहेब आले. माझी नोकरी पक्की करायची की नाही, ते ठरवायला. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन गेलेला. साहेबांसमोर घाई झाली, सळई वरवरच टोचली. "नऊ."

घनश्यामजींनी कापसात हात घातला. माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले... मी चहाला निघायच्या तयारीत —

"मॅडमचं बराबर आहे," ते म्हणाले.

इतकं गोड वाटलं मला! गाडी कापसाच्या गंजीवर रिकामी झाली, साहेब खूश होऊन गेले.

चौथ्या दिवशी गंजीतून वाफ निघायला लागली. ओल्या कापसानं आत उष्णता धरली होती. शेकडो घरांचा कापूस पिवळा पडला. खरेदी बंद झाली. फाटकाबाहेर रांगेतल्या एक शेतकरी, लालीबाई, तीन दिवस आपल्या गाडीवर बसून होत्या. कापूस न विकताच उठून परत गेल्या, आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"हो. हाताले ओल लागली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब होते. तुमची नोकरी जाईन म्हणून... अन् मले तुम्ही आवडता, अनघा."

किती दिवस ऐकायचं होतं हे! आणि ऐकलं ते असं. मी रडत रडत म्हणाले, "माझं चुकलं तर तुम्ही आहात, या भरवशावर मी आकडा बोलत होते हो!"

साहेबांना मी खरं सांगितलं. माझी नोकरी गेली. घनश्यामजींची केळापूरला बदली झाली.

निघायच्या दिवशी ते स्टँडवर आले. "बाबांले घेऊन तुमच्या घरी येऊ? मागणी घालतो."

"नका येऊ," मी म्हणाले. "तुम्ही मला आवडता, खूप आवडता. पण उद्या घरात माझं काही चुकलं, आणि माझं मन राखायला तुम्ही हो म्हणालात... मला कळणार कसं? कोणत्या 'हो'वर विश्वास ठेवू?"

यवतमाळची एसटी लागली होती. मी पिशवी उचलली नाही. मनात एकच चाललं होतं: म्हणा, अनघा, तुमचं चुकून राह्यलं. माझं म्हणणं मला सांगा आणि मग खोडून काढा. कंडक्टर ओरडू दे, एसटी जाऊ दे. मी हरायला तयार होते हो...

डोळे भरून आले होते त्यांचे.

"तुमचंच बराबर आहे," ते म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून एसटीत ठेवून दिली.