दोनने गुणलेली चांदी

मीटर उणे आकडा दाखवत होता आणि मी त्याच्यावर डोळे वटारून बसले होते. तेवढ्यात मागून एक लांबलचक हात आला, त्याने दोन्ही वायरींची अदलाबदल केली आणि आकडा सरळ झाला.

“मीटरवर कशाला रागावता? उलटं तुम्हीच जोडलंय.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला नवा हंगामी सहायक! मीही हंगामीच. आठवडाभरात अहो-जाहो गळून पडलं. तो माझा लंबू झाला, मी त्याची मुंगी.

मुलांच्या प्रॅक्टिकलआधी आम्ही सेल, म्हणजे रसायनांची छोटी बॅटरी, लावून बघायचो. दोन पेले, दोन्हींत तांब्याची पट्टी, तांब्याचंच द्रावण. फक्त एकातलं शंभरपट दाट. गणिताने एकोणसाठ मिलिव्होल्ट यायला हवेत, मीटर म्हणे एक्कावन्न.

“आठ कुठे गेले?” मी विचारलं.

“लाजले असतील. तू इतकं टक लावून बघतेस...”

“मी मीटरकडे बघत होते!”

“मग नशीबवान आहे मीटर.”

मी खाली बघून वहीत आकडा लिहिला. चुकीचाच लिहिला.

मग एक दिवस विभागाच्या मोठ्या बाईंनी सांगितलं — कायम जागा एकच. लेखी परीक्षा तुम्हा दोघांची. माझ्या बाबांनी बजावलं होतं, जागा मिळाली नाही तर मुकाट्याने घरी ये, स्थळ तयार आहे. लंबूला मामांच्या लाकडाच्या वखारीत जावं लागणार होतं. “एकदा तिथे गेलो की संपलंच,” तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

परीक्षेला आम्ही एकाच लांब टेबलावर बसलो. मध्येच बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी त्याच्याकडे बघितलं... खरंच, फक्त त्याच्याकडे. पण नजर पेपरावर पडली. चांदी-तांब्याचा सेल. समीकरणात चांदी दोनदा घ्यावी लागते, पण म्हणून तिचं व्होल्टेज दुप्पट होत नाही. त्याने तिच्या शून्य पूर्णांक ऐंशी व्होल्टला दोनने गुणलं होतं! मुलांच्या वह्यांत आम्ही दोघांनी शंभरदा खोडलेली चूक. घाबरला होता बिचारा.

बाई अजून बाहेरच होत्या. एक शब्द पुरला असता. मला बाबांचा आवाज ऐकू आला आणि मी माझ्या पेपरात डोकं खुपसलं.

त्या गणिताला चार गुण होते. मी दोन गुणांनी निवडले गेले.

तो पिशवी भरून आला. “अभिनंदन, मुंगी! निकाल लागला की तुला एक विचारायचं ठरवलं होतं...”

“विचार ना.”

“आता विचारत नाही, नुसतं सांगतो. फार आवडतेस तू मला.”

इतके दिवस ज्याची वाट बघितली, तेच हे! आणि माझ्या तोंडून निघालं, “तुझी चूक मला दिसली होती. तिथेच, बाई बाहेर असताना.”

त्याने पिशवी खाली ठेवली.

“मला घरी जायचं नव्हतं रे...”

“मलाही नव्हतं,” तो म्हणाला.

चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने अ‍ॅप्रन काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि जिना उतरून गेला. मलाही तू आवडतोस, एवढंच म्हणायचं होतं मला. पण ते म्हणायचा हक्क मी त्या टेबलावरच घालवून बसले होते.