पहिली हाक

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या जुन्या गावठाणाला चिकटून असलेल्या एका इमारतीत आत्माराम शिगवण गुरुजी तिसऱ्या मजल्यावर राहायचे. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, पण हातातला खडू काही सुटला नाही. रोज चारच्या ठोक्याला त्यांच्या दारात लहान चपलांचे तीन जोड पडत. आरोहीचा आणि रोहितचा जोड सरळ असे. दिपेशची एक चप्पल दारात आणि दुसरी जिन्यात. चौथी विद्यार्थिनी घरातलीच होती, त्यांची नात अनुष्का. वय वर्षं नऊ, आणि सातच्या पाढ्याशी उभं वैर.

शिकवणीची अट एकच होती. अभ्यासाआधी दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं.

गुरुजी स्वतः अकरा वर्षं असे बसत आले होते. एका शिबिरात त्यांनी ऐकलं होतं की मन रिकामं करून उघडं ठेवलं की वरून काहीतरी मिळतं. कुणाला शांती मिळते, कुणाला विद्या, कुणाला नुसता एक आवाज. गुरुजींना पाठदुखीखेरीज काही मिळालं नव्हतं. पण पोरांची मनं कोवळी, त्यांना मिळेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

"मनाला दार असतं," ते सांगायचे. "ते सताड उघडं ठेवायचं. आत येईल त्याला अडवायचं नाही."

"आणि चोर आला तर, सर?" दिपेश विचारायचा.

"तुझ्या डोक्यात चोरण्यासारखं काय आहे रे?"

पोरं खिदळायची आणि मग बसायची.

दहा मिनिटं झाली की गुरुजी डोळे न उघडता हलक्या आवाजात हजेरी घेत. एकेक नाव पुकारायचं, ज्याने त्याने 'हजर' म्हणत डोळे उघडायचे. लांब गेलेलं मन असं अलगद परत आणायचं, ही त्यांची युक्ती. पहिल्याच हाकेला उत्तर आलं पाहिजे, ही शिस्त. "सर, तुम्ही पण बसता, मग तुमचं नाव?" असं आरोहीने एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी हसत हसत हजेरीच्या वहीत शेवटी स्वतःचं नावही घातलं. अनुष्का, आरोही, दिपेश, रोहित, आत्माराम.

संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावी याच्या अगदी उलट रीत होती. बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. त्यांची आई सरूबाई चुलीपुढून बजावायची, "तिसऱ्यांदा हाक मारील तोच आपला माणूस. आधीच्या दोन कुणाच्याबी असतील." गुरुजींनी ही रीत जन्मभर हसण्यावारी नेली होती.

आषाढातल्या एका सोमवारी सगळे डोळे मिटून बसले होते. खाली भंगारवाला ओरडत गेला. पंखा कुरकुरत होता. हजेरीला अजून अवकाश होता, आणि मध्येच अनुष्का म्हणाली, "हजर."

गुरुजींनी डोळे उघडले. "अगं, मी कुठे हाक मारली?"

"मारलीत की, आजोबा."

दिपेश फिस्सकन हसला. गुरुजीही हसले. पोर पेंगली असेल. खोलीत कसला तरी ओला वास येत होता. दगडी पाटी फडक्याने पुसल्यावर येतो तसा. घरात दगडी पाटी नव्हती.

त्या आठवड्यात अनुष्काने सातचा पाढा म्हणून दाखवला. मग सतराचा, मग सत्तावीसचा. शनिवारी संजना, गुरुजींची सून, पोळ्या लाटत होती. अनुष्का ओट्याशी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. गुरुजी पाणी प्यायला आत आले आणि जागीच थबकले.

"बे औट सात, त्रिक औट साडेदहा, चोक औट चौदा..."

साडेतीनाचा पाढा. गुरुजींच्या वडिलांच्या वेळचा. गुरुजींनी तो कधी कुणाला शिकवला नव्हता.

"कुणी सांगितलं गं तुला हे?"

"शिकवतात की मला."

"कोण?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. एवढं साधं कळू नये याचं तिला नवल वाटत होतं.

खरं सांगायचं तर गुरुजींना भीती वाटलीच नाही. त्यांना आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग थोडा हेवा वाटला. अकरा वर्षं ते दार उघडून बसले होते, आणि देणं आलं ते नातीच्या दारी. त्यांनी दहा मिनिटांची वीस मिनिटं केली.

पहिली तक्रार संजनाने आणली. "बाबा, हल्ली हिला दोनदा हाक मारावी लागते."

"खेळात असेल."

पुढच्या आठवड्यात तीनदा हाक मारावी लागायची. मग पाचदा. मग संजना गॅलरीत उभी राहून 'अनू, अनू' करत राही आणि खाली अंगणात एकटी उभी असलेली अनुष्का मानही वळवत नसे. डॉक्टरांनी तपासलं. कान ठणठणीत होते. मागे ताट पडलं तर ती दचकायची. फक्त तिचं नाव तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. खांद्याला हात लावला की ती वळून बघायची, पाहुण्याकडे बघावं तशी, अदबीने. आईकडेसुद्धा.

दर थोड्या वेळाने मात्र ती मान ताठ करून, स्वच्छ आवाजात म्हणायची, "हजर."

त्या रात्री संजना जेवली नाही. तिचा नवरा निकेत नोकरीसाठी आखातात होता, त्याला काय कळवायचं हेच तिला सुचत नव्हतं.

"बाबा, तुम्ही शिकवलंत तिला हे," ती म्हणाली. "आता तिला परत बोलवा. मला बाकी काही माहीत नाही."

गुरुजींनी शिकवणी बंद केली. त्यांनी अनुष्काला समोर बसवून तिचं नाव पुकारलं. वर्गातल्या आवाजात, लाडाच्या आवाजात, शेवटी रडवेल्या आवाजात. तीन हाका, तीस हाका. ती भिंतीकडे बघत हसरी बसून राहिली. ओल्या पाटीचा तो वास दाट होत गेला.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन, दिपेशची आई, वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"मास्टरजी, दिपेश को आपने क्या सिखाया? चार बजते ही आँख बंद करके बैठ जाता है. बुलाओ तो सुनता नहीं."

"क्लास तर मी बंद केलाय, हंसाबेन."

"वही तो पूछ रही हूँ," त्या म्हणाल्या. "फिर हाजिरी किसको देता है?"



दुसऱ्या दिवशी चारला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. अनुष्का आपल्या जागी मांडी घालून बसलीच होती. ते तिच्यासमोर बसले, पण डोळे मिटले नाहीत. आत संजना चहाचं आधण ठेवत होती.

चार वाजले. आणखी वीस मिनिटं गेली.

"हजर," अनुष्का म्हणाली.

मग समोरच्या घरात राहणाऱ्या आरोहीचा आवाज बंद दारामागून आला, "हजर."

खालच्या मजल्यावरून दिपेश. "हजर." त्यात नेहमीचं हसू नव्हतं.

मग पलीकडच्या इमारतीतून, अगदी बारीक, रोहित.

वहीतल्याच क्रमाने.

आणि मग थांबणं. पुढचं नाव घेतल्यावर गुरुजी स्वतः जेवढे थांबत, तेवढंच.

पुढचं नाव कुणाचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पंजाने तोंड घट्ट दाबलं.

"आत्माराम."

अकरा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी ऐकू आलं. आवाज त्यांचाच होता, हजेरीचा, हलका.

त्यांनी ओ दिली नाही. त्यांना आई आठवली, चूल आठवली.

"आत्माराम."

दुसरी. अनुष्का त्यांच्याकडे बघत होती, ओठ मिटलेले.

बराच वेळ काही झालं नाही. पंखाही ऐकू येईना.

"आजोबा."

तिसरी हाक अनुष्काची होती. तिचाच आवाज, जुना, सातच्या पाढ्याला अडखळणारा. खूप लांबून आल्यासारखा, रडवेला. आणि समोर बसलेल्या अनुष्काचे ओठ मिटलेलेच होते.

तिसऱ्यांदा हाक मारील तोच आपला माणूस.

गुरुजींनी तोंडावरचा हात काढला.

स्वयंपाकघरातून संजनाने हाक मारली, "बाबा, चहा झालाय."

थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली.

मग तिसऱ्यांदा.