तेविसावं खोकं

उंचवडीत राहायला येऊन सत्तावीस दिवस झाले होते आणि सायली केळुसकर रोज सकाळी एकदा भिंतीवर आपटत होती. वेळ ठरलेली, सहा वाजून दहा मिनिटं. भिंतही ठरलेली, पलंगाच्या डावीकडची. जुन्या घरात तिथे स्वयंपाकघराचं दार होतं.

यात नवल काही नव्हतं. समुद्रानं खारवी गाव गिळायला घेतलं तेव्हा अकराशे कुटुंबं टप्प्याटप्प्यानं सड्यावरच्या या नव्या वसाहतीत आणून ठेवली गेली. घरं ऐसपैस, नळाला चोवीस तास पाणी, तक्रारीला जागा नाही. तरी पहिल्या वर्षातच पन्नाशी उलटलेली माणसं धडपडू लागली. नसलेल्या पायऱ्या उतरायची, नसलेली खिडकी लावायला हात पुढे करायची, आणि मग हळूहळू जेवण सोडायची. कपाळावर टेंगूळ असणं हा खारवीकर असल्याचा दाखला होऊन बसला. तरुणांचं बरं होतं. प्लग सापडला की त्यांना घर सापडलं.

सायलीचं वजन नऊ किलोनं उतरलं, तेव्हा तिचा नवरा निनाद तिला वसाहतीच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"माझं डोकं बिघडलंय का हो?" तिनं डॉ. हजारनीसांना विचारलं.

"डोकं ठणठणीत आहे. तेच तर दुखणं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या मेंदूत काही पेशी अशा असतात की त्या ठरावीक जागीच जाग्या होतात. एक चुलीपाशी, एक उंबऱ्यात, एक मोरीत. आम्ही त्यांना खुंटी-पेशी म्हणतो. घरातली प्रत्येक आठवण अशा कुठल्यातरी खुंटीला टांगलेली असते. तुमचं घर गेलं, खुंट्या गेल्या नाहीत. पाय अजून त्यांच्याच हिशेबानं पडतात."

"मग काय करायचं?"

"रुळवण. आठवण काढली की ती थोडा वेळ मऊ पडते, ओल्या मातीसारखी, आणि मग पुन्हा सुकते. आमच्या औषधानं जुन्या घराचा सगळा नकाशा सहा तास मऊ राहतो. तेवढ्या वेळात नव्या घरात खोकी उघडायची, सामान लावायचं. जी वस्तू हातात येईल, जिचं नाव निघेल, तिची आठवण जुन्या खुंटीवरून निघते आणि नव्या खुंटीवर बसते."

"आणि जिचं नाव निघणार नाही?" निनादनं विचारलं. तो बोटीच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होता. शिल्लक मालाची काळजी त्याच्या अंगात मुरलेली होती.

"जुन्या खुंट्या विरघळतात. त्यांच्यावर राहिलेलं त्यांच्याबरोबर जातं. नुसत्या वस्तू नाहीत, माणसंसुद्धा. बाहेर भेटलेल्यांची चिंता नाही, त्यांच्या खुंट्या बाहेर आहेत. घरातलं मात्र एकेक सांगायचं. या सहा तासांत रुग्णाला स्वतःहून काही आठवत नाही, समोरचा नेईल तिथंच मन जातं. म्हणून एक वाटाड्या लागतो, त्याच घरात राहिलेला."

"मी आहे की," निनाद म्हणाला. "माझी यादी तयार आहे."

यादी होतीच. एक्केचाळीस खोकी, प्रत्येकावर आकडा, आणि वहीत आकड्यापुढे आतल्या जिनसा. लोणच्याच्या बरणीचं तडा गेलेलं झाकणसुद्धा त्यानं बरणीपासून वेगळं नोंदवलं होतं. फक्त तेविसाव्या खोक्यापुढे एकच शब्द होता, 'रेवा'.

रेवा त्यांची मुलगी. जन्मापासून हृदय दुबळं, म्हणून शाळा घरात, खेळ घरात, वाढदिवस घरात. अंगणापलीकडे ती फारशी गेलीच नाही. सातव्या वर्षी गेली, तीही घरातच. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

रुळवणीचा दिवस निनादच्या थोरल्या बहिणीनं, तनुताईनं, ठरवला. गृहप्रवेशही त्याच दिवशी. "दोन्ही एकदम उरकू," ती म्हणाली. "पाहुणे दोनदा बोलवायचे म्हणजे दोनदा त्यांची तोंडं बघायची." सकाळी पूजा झाली, पाहुणे जेवून पांगले, दवाखान्याची परिचारिका येऊन सायलीला इंजेक्शन देऊन गेली. तनुताई दूध उतू घालायला गॅसपाशी उभी राहिली आणि निनादनं पहिलं खोकं फोडलं.

सायली खुर्चीत बसली होती. चेहरा झोपेतून उठवलेल्या मुलासारखा.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"काय आहे?"

"ही किसणी. उजव्या बाजूला धार नाही."

"हो! खोबरं किसायला बसलास आणि अंगठा किसलास!" ती खळखळून हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. तिनं स्वतः उठून किसणी नव्या कट्ट्याखालच्या कप्प्यात ठेवली आणि कप्प्यावर दोनदा थोपटलं.

निनादला हुरूप आला. खोकं सात, पितळी डबा. खोकं बारा, तिच्या सासऱ्यांची घडीची खुर्ची आणि त्यांचा खोकला. खोकं एकोणीस, पडदे, आणि ते शिवून न देणारा शिंपी. प्रत्येक जिनसेला तिच्या डोळ्यांत ओळख उजळायची आणि ती जागा शोधून द्यायची. खोकं बावीस संपलं. त्यानं तेविसाव्याच्या चिकटपट्टीला नख लावलं आणि तनुताईनं मागून त्याची बाही धरली.

"अरे, हे आज नको."

"ताई, डॉक्टर म्हणाल्या होत्या की सगळं..."

"आज वास्तूचा दिवस आहे. देवापुढे दिवा जळतोय, दूध अजून उतू जायचंय. आजच्या दिवशी गेलेल्याचं नाव काढायचं? वास्तू तथास्तु म्हणते, ठाऊक आहे ना? काय काय बोलशील आणि कशाकशाला तथास्तु होईल!"

"पण ते राहून गेलं तर?"

तनुताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की आपण मूर्खासारखं बोललो असं त्याला वाटलं. "आईला पोर आठवायला यादी लागते होय रे?"

हे त्याला पटलं. खरं तर तो स्वतःही हेच म्हणाला असता. झाकण यादीत घालायचं असतं, रेवा कशी घालणार? एकोणीस वर्षं घरात कुठल्याही सणाला कुणी ते नाव काढलं नव्हतं, आणि न काढताही ते प्रत्येक पानावर वाढलेलं होतं. त्यानं खोकं उचलून माळ्यावर ठेवलं आणि चोविसावं फोडलं. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी सायली उठली, उजवीकडे वळली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. चार घावणे खाल्ले. गुणगुणत भांडी लावली. निनादनं वहीत एक्केचाळीस आकड्यांपैकी चाळिसांवर खुणा केल्या आणि तिसऱ्या दिवशी, दिवा शांत झाल्यावर, तेविसावं खोकं खाली काढलं.

वरच एक छोटी स्टीलची वाटी होती. सायलीनं ती उचलून उजेडात धरली आणि कडेवर टिंबांनी कोरलेलं मोठ्यानं वाचलं, "चि. रेवा हिच्या बारशानिमित्त, आत्याकडून." मग भुवई उंचावली. "रेवा कोण रे? तनुताईंना कुणी भाची आहे का?"

तनुताईला एकच भाऊ होता, निनाद.

"चुकून आलेलं दिसतंय हे आपल्यात. बघ ना, फ्रॉक, बाहुली. बिचारे शोधत असतील. निरोप तरी दे." वाटी मात्र तिच्या हातातच राहिली. "ही ठेवून घेऊ का? तांदळाला माप बरं आहे. आणि नाव घातलेली वाटी हरवत नाही."

त्याच दुपारी तो दवाखान्यात गेला.

"परत आणता येईल?"

"नाही," डॉ. हजारनीस म्हणाल्या.

"मी सांगितलं तर?"

"माहिती म्हणून कळेल. चेहरा येणार नाही, आवाज येणार नाही. आपण पोटच्या पोरीला विसरलो, एवढं मात्र येईल. असं सांगितलेल्या तिघीजणी माझ्याकडे आहेत. एकीलाही घरात बसवत नाही, दिवसभर अंगणात असतात." त्यांनी कागद पुढे ओढला. "उद्या तुमचे पाय अडखळले आणि तुम्ही स्वतः रुळवण करून घेणार असाल, तर वाटाड्या त्याच घरातला लागतो."

"घरात सायलीच आहे."

"म्हणजे मुलीला तुमच्या डोक्यात ठेवायचं, तर तिचं नाव सायलीताईंच्या हातच्या यादीत लिहावं लागेल. आणि ते कोण, हे त्यांना सांगावं लागेल." डॉक्टरांनी मान खाली घातली. "मी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. सगळं सांगून झालं का, म्हणून."

तनुताई येऊन खोकं घेऊन गेली. गाडीत बसताना म्हणाली, "मी शुभ बघितलं रे." निनादनं दार लावून दिलं आणि घरात येऊन वहीतली तेविसावी ओळ खरवडून काढली.

आता भिंतीवर तो आपटू लागला. जुन्या घरात तो पहाटे उठून कोपऱ्यातल्या छोट्या पलंगापाशी जायचा, श्वास चालू आहे ना बघायला. सात वर्षांची सवय, मुलगी गेल्यावर एकोणीस वर्षं पायांनी चालू ठेवलेली. नव्या घरात तो कोपरा भिंतीत होता. आधी तो डोकं सावरून चालायचा. आता सावरेना, कारण रेवा उरली होती ती तेवढ्या सहा पावलांत. आधी कपाळ फुटलं, मग मनगट मोडलं. जेवण निम्म्यावर आलं. सायली त्याला भरवायची, रागवायची, रडायची, आणि सकाळी पुन्हा कपाळाला हळद लावायची.

चौथ्या महिन्यात एका सकाळी तिनं त्याच्यापुढे वही ठेवली.

"डॉक्टरांकडे नाव घातलंय तुझं. त्या नाही नाही म्हणत होत्या, त्यालाच विचारा म्हणत होत्या. मी म्हटलं, मी आहे ना वाटाड्या, एकही वस्तू विसरणार नाही." ती तांदूळ मोजायला वळली. "आणि स्टोअरकीपर म्हणे! बावीसनंतर एकदम चोवीस? मधला आकडाच गाळलास. मी सगळी नव्यानं उतरवली. एकूण चाळीस. वाचून बघ, काही राहिलंय का."

त्यानं वाचली. अक्षर सुरेख होतं. किसणी होती, खुर्ची होती, खोकला होता, झाकणसुद्धा होतं. बावीस आणि तेवीस यांच्यामध्ये एका ओळीपुरतीही जागा नव्हती, पण समासात होती. त्यानं पेन उचललं. ती पाठमोरी उभी होती, चार महिन्यांत भरून आलेली, काहीतरी गुणगुणत. हातातली वाटी तांदळात बुडत होती. एक. दोन. तीन.

"राहिलंय का रे काही?"

निनादनं पेनाला टोपण लावलं.

"नाही," तो म्हणाला. "तारीख कधीची मिळालीय?"