तिचे केस वाळेनात

इथं बाहेरच बसा. आत मशीनपाशी बहीण बसलीये, तिला तिथून उठवायचं नाही. हळू बोला म्हणजे झालं.

माझं मोठ्या पोस्टरांच्या छपाईचं दुकान. त्या दिवशी दुपारी बहीण धापा टाकत आली. तिची सहा वर्षांची चिमी सकाळपासून सापडत नव्हती. गल्ल्या पालथ्या घातल्या, चौकीवर जाऊन आलो. आता अंधार पडायच्या आत चौकाचौकात तिचा फोटो लागायला हवा होता. फोटो शाळेतला. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि हसतेय नुसती.

या मशीनला दोन वायरी असतात. एकीवर छपाई चालते, दुसरीवर फक्त हीटर. छापलेलं पोस्टर खाली सरकताना हीटर शाई वाळवतो. वीस वर्षं हेच करतोय मी, तरी त्या घाईत गाढवासारखी एकच वायर लावली. पहिलं पोस्टर खाली आलं आणि चिमीचं तोंड ओघळलं. बहिणीला दिसू नये म्हणून पटकन चुरगळलं, पण तिनं पाहिलंच.

मग दुसरी वायर लावली. मशीनच्या पडद्यावर हीटरच्या तापमानाचा आकडा चढू लागला. तीस, चाळीस, पन्नास. गरम शाईचा वास सुटला, माझ्या जिवात जीव आला. नवीन पोस्टर निघालं. वरचं नाव खडखडीत वाळलं. मग तिचं डोकं हीटरखाली आलं आणि आकडा धाडकन खाली आला. अकरा. खोलीत आम्ही घामानं भिजलेलो, आणि तिथं अकरा...

चारदा छापलं. चारही वेळा तेच. फ्रॉक वाळला, फोन नंबर वाळला, केस तेवढे ओले. मी बोट लावलं. काळी शाई लागायला हवी होती. लागलं स्वच्छ पाणी. शेवाळाचा वास येत होता त्याला.

शाई खराब आलीये, असं मी बहिणीला सांगितलं. तिनं ऐकलंच नाही. त्या केसांवर तळहात ठेवून उभी राहिली बराच वेळ.

"दादा... अजून गरम कर ना. तिला गार सोसत नाही."

केलं हो. काय करणार? हीटर होता तेवढा वाढवला. आकडा हलला नाही. तीन पोस्टरं ओलीच नेऊन लावली. पुढं विहिरींत, तळ्यांत माणसं उतरली. चिमी मिळाली नाही.

चौथं पोस्टर अजून हीटरखालीच आहे. बहीण काढू देत नाही. मला भीती वाटली म्हणून हीटरची वायर मी त्याच संध्याकाळी उपटली. ही बघा, तेव्हापासून खिशातच असते. पडदा छपाईच्या वायरीवर चालू राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर बारा आले. मग तेरा. हीटर बंद, आणि आकडा रोज एकानं वर. कुणाला सांगू मी हे?

काल पस्तीस होता, आज छत्तीस, माणसाच्या अंगाएवढा. आज सकाळी बहीण आली ती टॉवेल, फणी आणि लाल रिबिनी घेऊनच. मला बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मघापासून ती आत हळू आवाजात एकच सांगतेय, "मान हलवू नकोस गं."